तीन सेंटिमीटर

केस रंगवायचे नाहीत, प्रयोगशाळेने बजावलं होतं,
रंगाने म्हणे पुरावा धुऊन जातो.
म्हणून अकरा वर्षांत पहिल्यांदा
वीबकेच्या डोक्यावरचा तांबूस रंग
मी नुसता कापत गेले
आणि मुळातून राखाडी वर येत राहिली,
ओहोटीला आमच्याकडे चिखल उघडा पडतो तशी,
मैलभर, बघवत नाही असा.

दर तीन महिन्यांनी ओल्डेनबुर्गचा डॉक्टर
मागून, कवटीलगत, पेन्सिलीच्या जाडीची बट कापून घ्यायचा.
तीन सेंटिमीटर म्हणजे तीन महिने.
महिना न्‌ महिना केसात लिहिलेला असतो, तो तिला म्हणाला.
तिने ते मला सांगितलं तेव्हा मी कात्री पुसत होते.
बराच वेळ पुसत राहिले.

फेब्रुवारीतली ती रात्र गावाला पाठ आहे:
पुढची दोन चाकं कालव्यात,
पाऊस नसताना वायपर चालू,
मागच्या सीटवर म्हाताऱ्यांच्या गोळ्यांचे डबे,
प्रत्येकावर वार लिहिलेला तिच्या सुवाच्य अक्षरात,
आणि रक्तात एक पॉइंट सात.
कोणी मेलं नाही.
हे वाक्य तिने पुष्कळ दिवस वापरलं,
झिजेपर्यंत.

मग सायकल.
समुद्राच्या बांधावरून, वाऱ्याला डोकं लावून,
टीडे यानसेनच्या पायाची पट्टी बदलायला,
मग हिल्केच्या आईला अंघोळ घालायला.
अकरा रुग्णांतले तीन उरले, सायकलच्या टप्प्यातले.
बाकीच्यांकडे एक तरुण मुलगा जातो आता,
तो घाई करतो, असं सगळे म्हणतात,
आणि तिला ते ऐकून बरं वाटतं, आणि बरं वाटलं म्हणून वाईट.

पहिल्या मुलाखतीत ती नापास झाली.
त्या दिवशी थंडी होती, म्हणाली,
रस्त्यावर गोळा फेकायचा खेळ होता,
हातगाडीत बाटल्या, सगळेच पीत होते.
समोरच्या बाईंनी सगळं लिहून घेतलं
आणि विचारलं, आणि आदल्या दिवशी?

दुसऱ्या वेळी, चौदा महिन्यांनी,
आदल्या दिवसापासून सुरुवात केली तिने.
साबणाच्या पावडरीच्या खोक्यातली बाटली.
डिकीत, म्हाताऱ्यांच्या डायपरखाली, दुसरी.
किती? रोज एक. रविवारी मोजत नव्हते.

आज ती गाडी घेऊन आली.
एक चाक फुटपाथवर चढवून लावली,
काच वर करायची विसरली, परत गेली.
कार्ड दाखवलं: नवा फोटो, राखाडी केस,
कॅमेऱ्याकडे नाही, जरा बाजूला बघणारी.
माझा हात सवयीने फळीकडे गेला,
जिथे गिऱ्हाइकांसाठी उंच ग्लास ठेवते मी,
फुकट, फसफसणारी, नाताळात तर दोन दोन.
वळवून किटलीवर नेला.
तिने पाहिलं. खडीसाखर कपात टाकली,
वर चहा ओतला, खडा तडकल्याचा आवाज झाला.

मान मागे टाकून बेसिनवर पडली ती.
बोटांना त्या जागा लागल्या,
आखूड, ताठ, वाढत असलेल्या,
वरून कोणाला दिसणार नाहीत अशा.
डोळे मिटून म्हणाली,
बाईंनी शेवटी विचारलं, आजूबाजूला कोणाला माहीत होतं?
तर मी तुझं नाव सांगितलं.
म्हटलं, केस धुते ती.
पेपरमिंटच्या मागचा वास तिला येत असणार,
इतक्या जवळ चेहरा असतो तिचा.

यायचा.
पहिल्या वर्षापासून यायचा.
मी शाम्पू बदलून पाहिला होता, लिंबाचा.

गेशे, ती म्हणाली,
पाणी फार गरम झालंय.